बुडीतातील बांध्या कोणाच्या? मामा तलावाचा पाणथळ आराखडा आणि काठावरचा शेतकरी

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातून एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळच्या 'मामा' तलावाच्या, वरच्या अंगाला त्यांची १.६२ हेक्टर धानाची शेती आहे. यंदाच्या मार्च महिन्यात तलाठी, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि मोजणीचे यंत्र घेतलेला एक कंत्राटी मुलगा असे तिघे जण येऊन खुंट्या ठोकून गेले आणि त्या खुंट्यांनी या शेतकऱ्याच्या खालच्या तीन बांध्या (बांध घातलेले धानाचे तुकडे), म्हणजे सुमारे ०.४५ हेक्टर, तलावाच्या आत घेतल्या. ग्रामसभेत सांगण्यात आले की तलाव पाणथळ जागा म्हणून जपायचा आहे आणि त्याचा संवर्धन आराखडा तयार होणार आहे. जमीन जाणार का, गेली तर मोबदला मिळेल का आणि हरकत कोठे व कशी घ्यावी, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे की तलाव राहावा असे त्यांनाही वाटते, कारण पाळीखालची (तलावाच्या बांधाखालची) त्यांची दुसरी शेती त्याच पाण्यावर पिकते. उत्तर लिहिताना हे वाक्य मी सतत समोर ठेवले आहे.

खुंटी ठोकल्याने कोणाचीही मालकी संपत नाही. त्याचबरोबर सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यावरून त्या जागेत पाणी उभे राहू नये असे म्हणण्याचा हक्कही आपोआप मिळत नाही. तलावांच्या मोजणीत आणि ग्रामपंचायतींच्या आराखड्यांत बरीच वर्षे घालवल्यावर माझे असे मत झाले आहे की काठावरच्या शेतकऱ्यांचा विरोध संवर्धनाला क्वचितच असतो. विरोध असतो तो त्यांना न विचारता, चुकीच्या ऋतूत आणि कोणत्या पातळीवरून काढली हे न सांगता आखलेल्या रेषेला. म्हणून आधी पाण्याची रेषा, मग हक्कांची नोंद आणि त्यानंतरच आराखडा, हा क्रम ग्रामपंचायतीने पाळला पाहिजे आणि तो पाळला जावा असा आग्रह आपण धरला पाहिजे.

हा विषय गावात एकाएकी का आला, ते आधी सांगतो. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने उपग्रह प्रतिमांवरून देशातील पाणथळ जागांचा नकाशासंग्रह तयार केला. त्यात ७,५७,०६० जागा मोजल्या गेल्या आणि त्यांपैकी ५,५५,५५७ जागा २.२५ हेक्टरपेक्षा लहान होत्या. उरलेल्या २,०१,५०३ जागांना २०१० च्या पाणथळ नियमांतील नियम ४ च्या तत्त्वानुसार संरक्षण राहील, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१७ रोजी दिला. पुढे नवीन नकाशासंग्रह आला, हा आकडा सुमारे २.३१ लाखांवर गेला, आणि ११ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने या सर्व जागांची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करून सीमा आखण्यास राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली. अशी मुदत दिल्लीहून निघून तालुक्याला पोहोचेपर्यंत तिचे रूपांतर 'या आठवड्यात अहवाल पाठवा' अशा पत्रात होते आणि मग मार्चच्या उन्हात खुंट्या ठोकल्या जातात. आपल्या तलावावर नेमके असेच घडले असे मी म्हणत नाही, परंतु घाईचे मूळ बहुधा येथे असते.

त्या नकाशाची मर्यादा समजून घेतली तर निम्मी भीती कमी होईल. पहिला नकाशासंग्रह १:५०,००० या प्रमाणावर आणि २००६-०७ च्या प्रतिमांवरून केलेला आहे. त्या प्रतिमेतील एक चौकोन जमिनीवर साधारण साडेतेवीस मीटर लांबीरुंदीचा असतो, म्हणजे सुमारे ०.०५५ हेक्टर. आपल्या तीन बांध्या मिळून असे आठच चौकोन होतात. कागदावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली तर ती जमिनीवर २५ मीटर जाड असते. शिवाय रोवणीनंतर बांधीत उभे असलेले पाणी आणि तलावाच्या काठाचे उथळ पाणी यांतील फरक अशा प्रतिमेत ओळखणे अवघड जाते. देशात कोठे काय आहे हे पाहण्यासाठी हा नकाशा उत्तम आहे, पण दोन गटांमधील धुरा (शेताचा बांध) कोठे आहे हे ठरवण्यासाठी तो केलेलाच नाही. म्हणून तर न्यायालयाने जागेवर पडताळणी करण्यास सांगितले. यंत्रातील बिंदू नकाशावरून उचलून तसेच जमिनीवर उतरवणे याला पडताळणी म्हणता येत नाही, आणि आपल्या हरकतीचा पहिला मुद्दा हाच असावा.

आता कायद्यातील गुंता. सध्या लागू असलेले पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २६ सप्टेंबर २०१७ रोजी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली अधिसूचित झाले. त्यांच्या व्याख्येतून नदीचे पात्र, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेली कामे वगळलेली आहेत. मामा तलाव सिंचनासाठीच बांधले गेले, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. तेव्हा २०१७ च्या नियमांखाली ते अधिसूचित होऊ शकतात का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतो. तलाव व्याख्येबाहेर आहे असे एक बाजू म्हणते, २.०१ लाखांच्या यादीत मानवनिर्मित तलावही असल्यामुळे न्यायालयाचे संरक्षण त्यांना लागू आहे असे दुसरी बाजू म्हणते. शेतकऱ्याने या वादात आपली शक्ती घालवू नये, असा माझा सल्ला आहे. आपला तलाव व्याख्येत बसत नाही असे सिद्ध करण्यात आपण यशस्वी झालात, तर त्याचा फायदा आपल्याला होण्याआधी पाळीशेजारी भराव टाकून दुकानांचे गाळे काढू पाहणाऱ्यांना होईल. आपल्या तीन बांध्यांचा प्रश्न मात्र तेथेच राहील, कारण तो प्रश्न पर्यावरणाच्या कायद्यापेक्षा महसुलाच्या दप्तरातला आहे.

आणि समजा तलाव अधिसूचित झालाच, तरी नियम ४ मध्ये नेमके काय निषिद्ध आहे ते वाचून पाहावे. पाणथळ जागेचे दुसऱ्या वापरात रूपांतर, अतिक्रमण, उद्योग उभारणे किंवा वाढवणे, घातक पदार्थ, बांधकामाचा राडारोडा व घनकचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे, शिकार आणि गेल्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत बोटीचा धक्का सोडून अन्य कायमचे बांधकाम करणे, असे ते निर्बंध आहेत. त्या ५० मीटरच्या पट्ट्यात धान लावण्यावर बंदी नाही. गावोगावी मात्र ५० मीटरपर्यंतची जमीन सरकार घेणार अशी अफवा पसरते आणि ती पसरू देण्यात काही जणांचा हितसंबंधही असतो. अधिसूचनेपूर्वी एक संक्षिप्त दस्तऐवज करावा लागतो. त्यात जागेवर पडताळलेली सीमा, तिच्याभोवतीचे प्रभाव क्षेत्र, आधीपासून चालत आलेले हक्क व सवलती, आणि चालू राहणाऱ्या, नियंत्रित होणाऱ्या व बंद होणाऱ्या कामांच्या याद्या असाव्या लागतात. त्यानंतर प्रारूप अधिसूचना निघते आणि हरकती व सूचनांसाठी ६० दिवस मिळतात. या नियमांत मोबदल्याची कोणतीही तरतूद नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. मोबदला केवळ जमीन संपादित झाली किंवा थेट खरेदी झाली तरच मिळतो. वापरावर निर्बंध आला एवढ्याने तो मिळत नाही. म्हणून 'आधीपासूनचे हक्क' या रकान्यात आपली बाब लिहिली जाणे हे मोबदल्याच्या मागणीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

पाण्याची रेषा कशी ठरते, यावर थोडे थांबतो, कारण सगळे भांडण येथेच आहे. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहते. सांडव्याच्या माथ्याची जी पातळी, ती तलावाची पूर्ण संचय पातळी. त्याच उंचीची रेषा तलावाभोवती फिरवली की ती झाली भरलेल्या तलावाची कड. भर पावसात सांडव्यावरून फूट-दीड फूट जाडीचे पाणी वाहते तेव्हा तलाव काही तासांसाठी या कडेच्या बाहेर पसरतो; ती पूरपातळी झाली आणि तिला बुडीत क्षेत्र म्हणत नाहीत. आपल्या भागात तलावाच्या वरच्या अंगाची जमीन फार सपाट असते. दोनशे मीटरला एक मीटर असा उतार धरला, तर पातळीत ३० सेंटिमीटरचा फरक पडताच कड ६० मीटर सरकते. आपल्या तीन बांध्यांची रुंदी कदाचित तेवढीच भरेल. म्हणून खुंट्या ठोकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो असा की ही कोणती पातळी आहे आणि सांडव्याच्या माथ्याशी ती कोठे ताडून पाहिली आहे.

सांडव्याचा माथा आज जेथे आहे तेथे तो पूर्वीपासून होता का, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे. एका गावात वरच्या शेतकऱ्यांची तक्रार होती की दहा वर्षांपूर्वी ज्या बांधीत ते बिनघोर रोवणी करीत, तेथे आता सप्टेंबरपर्यंत गुडघाभर पाणी असते. मी सांडव्यावर जाऊन पाहिले तेव्हा जुन्या दगडी माथ्यावर विटांचे दोन थर आणि त्यावर सिमेंटचा गिलावा होता, आणि त्याच्याही वर मातीने भरलेल्या खताच्या पोत्यांची एक ओळ रचलेली होती. विटा सिंचनाच्या दुरुस्तीत चढल्या होत्या आणि पोती मासेमारी संस्थेने बीज वाहून जाऊ नये म्हणून लावली होती. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. तलाव गाळाने भरला की साठा कमी होतो. गाळ काढणे खर्चाचे असते, सांडवा वीतभर उंचावणे स्वस्त पडते, आणि त्या स्वस्ताईची किंमत वरच्या अंगाचा शेतकरी मोजतो. ती पोती काढली, जुना दगडी माथा हीच पातळी धरायची असे ठरले, आणि वादातील बहुतेक बांध्या कडेच्या बाहेर निघाल्या. जुन्या दगडाखालच्या दोन बांध्या आत राहिल्या, पण त्यांच्या मालकांनीही मग फारसे ताणले नाही, कारण आपल्या आजोबांच्या काळीही तेथे पाणी येत असे हे त्यांना ठाऊक होते.

दप्तरातील बाजू अशी आहे. मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आली आणि मालगुजारांचे तलाव शासनाकडे आले. मात्र कब्जातील जमिनीवरचे खासगी तलाव त्या-त्या धारकांकडेच राहिले. आपल्याकडच्या कित्येक बोड्या (लहान तळी) आजही सातबाऱ्यावर खासगी आहेत त्या यामुळेच. शासनाकडे आलेल्या तलावांपैकी १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे तलाव राज्याच्या यंत्रणेकडे गेले. पूर्व विदर्भातील जिल्हे मिळून अशा तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. आता कळीचा मुद्दा: तलावाचा गट शासनाचा असला तरी पाणी गटाची हद्द पाहून थांबत नाही. काठावरच्या खासगी गटाच्या खालच्या भागात पिढ्यानपिढ्या पाणी उभे राहत असेल, तर जमीन शेतकऱ्याची आणि पाणी साठवण्याचा वहिवाटीचा हक्क गावाचा, अशी दुहेरी स्थिती असू शकते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत विदर्भासाठी निस्तार पत्रक (गावच्या शासकीय जमिनीच्या सामायिक वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज यांची स्वतंत्र तरतूद आहे. कलम १६५ खालील वाजिब-उल-अर्जात शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीतील व पाण्यातील सिंचन, वाट, अन्य सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक वापर करण्याचे हक्क) आणि मासेमारी यांबाबतच्या रूढी नोंदवलेल्या असतात. आपल्या गटाचा उल्लेख त्यात आहे की नाही, हे आपण वकिलाकडे जाण्यापूर्वी पाहावे.

नोंद सापडली नाही तर सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चा आधार उरतो. उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे चाललेली वहिवाट हक्कात रूपांतरित होऊ शकते. या नियमाची दुसरी बाजू शेतकऱ्याच्या कामाची आहे: चार वर्षांपूर्वी पोती रचून वाढवलेल्या पाण्याला असा हक्क मिळत नाही. तेव्हा जुना सांडवा कोठे होता याचा पुरावा, मग तो जुन्या अंदाजपत्रकातील आडवा छेद असो, दुरुस्तीपूर्वीचे छायाचित्र असो की दगडावरची जुनी खूण असो, हे आपले सर्वांत मजबूत शस्त्र आहे.

कागदपत्रे काढताना चालू सातबाऱ्यावर थांबू नये. १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, त्याआधीची बंदोबस्ताची मिसल (जुन्या जमीन आकारणीचे दप्तर), गाव नकाशा, आणि निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढाव्यात. सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीबाहेरचे) क्षेत्र किती दाखवले आहे आणि ते 'अ' आहे की 'ब', हे नीट पाहावे. वर्ग 'अ' म्हणजे खडक, खोलगट, नापीक वगैरे कारणाने लागवडीस अयोग्य; वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, पाट, तलाव यांसारख्या सार्वजनिक प्रयोजनाकडे गेलेले क्षेत्र. वादातील ०.४५ हेक्टरपैकी काही भाग पूर्वीच 'ब' मध्ये लिहिलेला निघाला, तर त्या भागावर आपण आकार भरत आलेला नाही आणि तेवढ्यापुरती आपली बाजू कमकुवत आहे हे मान्य करून पुढे जाणे शहाणपणाचे. सगळे क्षेत्र लागवडीलायक लिहिलेले असेल तर कलम १५७ नुसार ती नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. मात्र सातबारा क्षेत्र आणि हक्क सांगतो. हद्द दाखवतो तो मोजणीचा नकाशा. उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज आपण स्वतः करावा आणि 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हाती घ्यावी. ग्रामपंचायतीने आणलेल्या कंत्राटी मुलाच्या यंत्रातील आकडे कितीही अचूक असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती आपल्या गटाची मोजणी नव्हे.

येथे एक फरक मुद्दाम सांगतो. ज्याच्या नावाचा सातबारा आहे त्याची बुडीतातील शेती आणि तलावाच्या शासकीय गटात केलेली शेती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकाराबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपालसिंग प्रकरणातील निकाल अतिशय स्पष्ट आहे: गावच्या सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमण हटवावे. ते प्रकरण पंजाबमधील एका गावतळ्याचेच होते आणि त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णयही काढला. ग्रामसभेत हे दोन गट एकत्र येऊन एकच निवेदन देतात तेव्हा सातबाराधारकांचे नुकसान होते. तलावाच्या पोटात लाखोरी (एक कडधान्य) टाकून जगणाऱ्या भूमिहीन कुटुंबाचा प्रश्न खरा आहे आणि तो माणुसकीने सोडवला पाहिजे, पण तो वेगळ्या कागदावर मांडला गेला पाहिजे.

ग्रामपंचायतीच्या अधिकाराबद्दलही दोन्ही बाजूंना गैरसमज असतात. शेतजमिनीवर 'हरित पट्टा' किंवा 'ना-विकास विभाग' असा शिक्का मारण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. तो प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ खालच्या प्रादेशिक योजनेचा किंवा विकास योजनेचा विषय आहे, आणि तेथे प्रारूप प्रसिद्ध होऊन हरकती मागवल्या जातात. शहरालगतच्या तलावांबाबत हा फरक फार महाग पडतो. विकास योजनेत आपल्या जमिनीवर सार्वजनिक प्रयोजनाचे आरक्षण पडले तर संपादन, हस्तांतरणीय विकास हक्क किंवा दहा वर्षांनंतर कलम १२७ ची नोटीस देऊन पुढील चोवीस महिन्यांत संपादन न झाल्यास आरक्षण व्यपगत (रद्द) होणे, असे मार्ग मालकाला असतात. नुसता वापर विभाग बदलला तर यांपैकी काहीच हाती राहत नाही. आपल्या गावात तूर्त तो प्रसंग नाही. साकोली तालुका अनुसूचित क्षेत्रातही येत नाही, त्यामुळे शेजारच्या गडचिरोलीत पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या) कायद्याने लहान जलसाठ्यांच्या नियोजनाचा जो अधिकार पंचायतींकडे येतो, तो येथे सांगता येणार नाही. तरीही ग्रामपंचायतीच्या हाती बरेच काही असते. गावाचा वार्षिक विकास आराखडा तिचा असतो. वित्त आयोगाच्या निधीतील पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेला हिस्सा तिच्याकडे येतो. जैवविविधता अधिनियम, २००२ खालची समिती तिचीच आणि लोक जैवविविधता नोंदवहीही त्या समितीनेच करायची असते. तिच्या ताब्यातील तलावांचा ठेका ती देते. या साधनांनी जे करता येते ते पुष्कळ आहे, आणि त्यासाठी कोणाच्या सातबाऱ्याला हात लावावा लागत नाही.

ग्रामपंचायतीचे कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितो. आराखड्यात सगळे काही एका रंगात रंगवू नका. शासकीय गटातील कायम पाण्याचा भाग, खासगी गटातील हंगामी बुडीताचा भाग आणि वरचा, जिथून पाणी येते तो, शेतांचा भाग, या तिन्हींचे नियम वेगळे लिहा. पहिल्या भागात अतिक्रमण, भराव आणि कचरा यांबाबत कठोर राहा. दुसऱ्या भागात मालकाला काय करता येईल ते आधी लिहा: पाणी ओसरल्यावर लाखोरी, जवस किंवा हरभरा घेता येईल, धुऱ्यांची दुरुस्ती करता येईल, गाळ उचलता येईल, आणि मग काय करता येणार नाही ते लिहा: भराव घालून बांधीची उंची वाढवता येणार नाही, पक्के बांधकाम होणार नाही. तिसऱ्या भागात सक्तीचा नियम नकोच. तेथून वाहून येणारी माती, खत आणि औषधे कमी व्हावीत म्हणून बांधबंदिस्ती रोजगार हमीतून करून द्या. तीच मदत संवर्धनाच्या नावाने शेतकऱ्याला प्रत्यक्ष दिसते.

गाळाबद्दल मात्र सावध राहावे लागते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आली आणि काठावरच्या शेतकऱ्याला तलावाच्या कामात सामील करून घेण्याचे ते उत्तम साधन आहे. परंतु जेसीबी वरच्या अंगाच्या उथळ काठापासून काम सुरू करतो, कारण तो भाग आधी कोरडा होतो आणि रस्त्याला जवळ असतो. देवधान (रानटी धान), कमळ, पाणगवत, मरळीची अंडी घालण्याची जागा, अडई बदकांचे थवे हे सगळे त्याच उथळ काठावर असते. तो तीन मीटर खोल सरळ कापला की तलाव मोठ्या टाकीसारखा होतो: पाणी वाढते, पण पाणथळपण संपते. गाळ पाळीच्या बाजूच्या खोल भागातून आणि विमोचकाच्या (पाणी सोडण्याच्या दाराच्या) तोंडासमोरून काढावा, वरचा काठ उताराचाच ठेवावा. गोंदिया-भंडाऱ्याच्या ढीवर समाजातील ज्येष्ठ मासेमारांना हे कोणत्याही सल्लागारापेक्षा चांगले कळते, तेव्हा खोदाईची जागा दाखवायला त्यांना बोलवा. ठराव लिहिताना त्यांचे नाव सहसा राहून जाते, कारण त्यांच्याकडे सातबारा नसतो.

त्याच ठरावात किमान पाणी किती ठेवायचे हेही लिहिले गेले पाहिजे. उन्हाळी धानासाठी फेब्रुवारीपासून मोटारी लागतात आणि एप्रिलमध्ये तलावाचा तळ दिसतो. मग मासेही जातात, पक्षीही जातात आणि गुरांनाही पाणी उरत नाही. वरच्या शेतकऱ्याला आपण सांगतो की सप्टेंबरचे पाणी सहन करा, आणि खालच्याला एप्रिलचे पाणी वाटेल तसे उपसू देतो. हा अन्याय वरच्याच्या लक्षात येतो आणि त्याचा विरोध तेथून सुरू होतो. विमोचकाच्या भिंतीवर रंगाने एक आडवी रेघ ओढून तिच्याखाली पाणी गेले की मोटारी बंद, असा ठराव काही गावांनी केला आणि पाळला, हे मी पाहिले आहे.

सारसांचे उदाहरण या चर्चेत नेहमी येते आणि ते योग्यही आहे. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदिया-भंडारा परिसरात आणि ते घरटी करतात ती बहुतेकदा धानाच्या बांधीत, म्हणजे कायद्याने पाणथळ व्याख्येतून वगळलेल्या खासगी शेतात. गोंदियात ही घरटी टिकली ती शेतकऱ्याने पाच-सहा हात जागा रोवणीविना सोडली म्हणून. जेथे अधिकाऱ्यांनी येऊन शेतात फिरण्यावर बंदी घातली तेथे पुढच्या वर्षी घरटे दिसल्याची बातमी कोणी देत नाही. बंदीपेक्षा बुडालेल्या पिकाची रोख भरपाई त्याच हंगामात देणे स्वस्त पडते, असे माझे मत आहे. पण त्यासाठी रक्कम आराखड्यात आधी धरलेली असावी लागते.

आता आपली हरकत. ती सरपंचांच्या नावे तोंडी सांगू नका. ग्रामपंचायत, तहसीलदार आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे तो सिंचन विभाग, या तिघांना एकाच मजकुराचे पत्र द्या आणि पोच घ्या. 'आमचा आराखड्यास विरोध आहे' असे लिहू नका. ते वाक्य फाइलमध्ये जन्मभर राहते आणि प्रत्येक बैठकीत आपल्याविरुद्ध वाचले जाते. गट क्रमांक, एकूण क्षेत्र, खुंट्यांच्या आत गेलेले अंदाजे क्षेत्र आणि चतुःसीमा लिहा. खुंट्या कोणत्या पातळीवर ठोकल्या, ती पातळी सांडव्याच्या मूळ माथ्याशी जुळते का, मोजणीची नोटीस आपल्याला दिली होती का, हे तीन प्रश्न विचारा. सांडव्याची उंची कोणत्या वर्षी आणि कोणत्या मंजुरीने वाढवली याची माहिती मागवा. आपली मागणी अशी असावी की पूर्ण संचय पातळीची कड आपल्या उपस्थितीत पुन्हा आखावी; कडेच्या आत येणाऱ्या खासगी क्षेत्राची मालकी, हंगामी पीक घेण्याचा हक्क आणि वाट यांची आराखड्यात गटनिहाय नोंद करावी; आणि सांडवा मूळ पातळीपेक्षा उंच ठेवायचाच असेल तर वाढीव बुडीताची जमीन रीतसर संपादित करावी किंवा थेट खरेदीने घ्यावी. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत काही नोंद होणार असेल तर ती संपूर्ण गटावर न होता नेमक्या आर क्षेत्रापुरती आणि निर्बंधाचे स्वरूप लिहून व्हावी. संपूर्ण गटावर 'पाणथळ' एवढाच शब्द चढला की बँकेचा पीककर्ज अधिकारी पुढचे काही वाचत नाही.

पुन्हा आखणी कधी करायची, हेही पत्रात लिहा. पोळा झाल्यानंतर, भाद्रपदात, तलाव भरलेला असताना आणि दोन दिवस उघडीप पडून सांडव्यावरून बोटभर पाणी वाहत असताना, वारा पडलेल्या सकाळी पाण्याची कड हीच पूर्ण संचय पातळीची रेषा असते. त्या वेळी यंत्रही फारसे लागत नाही. तत्पूर्वी पोती काढलेली असावीत आणि मूळ माथ्यावर पाणी दोन-तीन दिवस स्थिर झालेले असावे. काठावरचे सर्व शेतकरी, मासेमारी संस्थेचे दोघे, पाळीखालचे दोघे आणि तलाठी एकत्र फिरून पाण्याच्या कडेला दर वीस पावलांवर बांबूची काडी रोवतात. मागून यंत्रवाला प्रत्येक काडीचा बिंदू घेतो, आणि संध्याकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात पंचनाम्यावर सह्या होतात. दगडी खुणा डिसेंबरमध्ये, जमीन घट्ट झाल्यावर, त्या बिंदूंवर बसवता येतात. मार्चच्या खुंट्या आपण उपटू नका. त्यांची अंतरे टेपने मोजून, आपल्या धुऱ्यासह छायाचित्रे काढून ठेवा. भाद्रपदाच्या काड्या आणि मार्चच्या खुंट्या यांतील अंतर पंचनाम्यात लिहिले गेले की आपल्या तीन बांध्यांपैकी किती आत आणि किती बाहेर, याचे उत्तर त्याच कागदावर मिळेल.